कपाटाची किल्ली कुणाकडे?

‘शाळेत वाचनालय आहे का हो?’ असं कोणत्याही गावातल्या आईला विचारा. बहुतेक वेळा ‘आहे की!’ असंच उत्तर येतं. मग पुढचा प्रश्न विचारा, ‘तुमच्या लेकरानं या महिन्यात तिथून कोणतं पुस्तक घरी आणलं?’ इथे मात्र ती थांबते, आठवून बघते आणि ‘घरी देत नसतील बहुतेक’ किंवा ‘कपाटात असतात पुस्तकं, बाईंनाच ठाऊक’ असं काहीतरी म्हणून विषय बदलते.

कपाट असतं, कपाटात पुस्तकं असतात, पुस्तकांची नोंद रजिस्टरात असते. फक्त ती पुस्तकं मुलांच्या हातात नसतात. फडताळात डाळ-तांदूळ भरून ठेवले आणि चूल पेटवलीच नाही, तर घरातल्यांची पोटं भरतील का? तसंच हे.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी किती तरी जणी बचत गटात आहेत. गटाचा पैसा पेटीत कुलूपबंद ठेवला तर त्याचा उपयोग शून्य, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. तो फिरला पाहिजे. कुणी शेळी घेते, कुणी शिलाई मशीन घेते, हप्ते येतात, पुन्हा दुसरीला कर्ज मिळतं. महिन्याला बैठक होते, वहीत नोंद होते, थकबाकी कुणाची ते सगळ्यांना कळतं. शाळेच्या वाचनालयाचं अगदी असंच असतं. पुस्तक हे भांडवल. ते फिरलं पाहिजे, परत आलं पाहिजे, पुन्हा फिरलं पाहिजे. आणि वर्षाच्या शेवटी विचारलं पाहिजे, की या भांडवलातून लेकरांच्या पदरात काय पडलं? मोठ्या शब्दांत याला नियोजन आणि मूल्यमापन म्हणतात. आपण त्याला ‘आधी ठरवणं आणि नंतर मोजणं’ म्हणू.

हक्क आहे, पैसाही आहे

सरकारी शाळांत पुस्तकं यायला सुरुवात होऊन बराच काळ लोटला. १९८७ साली सुरू झालेल्या खडू-फळा मोहिमेत प्राथमिक शाळांना फळे-तक्त्यांबरोबर गोष्टींची पुस्तकंही देण्याचं ठरलं होतं. पुढे २००९ साली शिक्षण हक्क कायदा आला. प्रत्येक शाळेत वाचनालय असलं पाहिजे, त्यात वर्तमानपत्र, मासिकं आणि सगळ्या विषयांची पुस्तकं असली पाहिजेत, असं या कायद्याच्या परिशिष्टात आहे. गोष्टींच्या पुस्तकांचा तर त्यात वेगळा उल्लेख आहे. म्हणजे गोष्टीचं पुस्तक हा लाड नाही, तो मुलाचा हक्क आहे.

पैशाचीही सोय आहे. २०१८ साली सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या स्तराप्रमाणे वर्षाला पाच हजारांपासून वीस हजारांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद करण्यात आली. आपल्या शाळेला कोणत्या वर्षी किती मिळालं, त्यातून कोणती पुस्तकं घेतली, हे मुख्याध्यापकांना विचारता येतं.

आणि विचारायचं कुणी? आपणच! याच कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य आई-वडील किंवा पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा तयार करणं हे या समितीचं काम आहे. म्हणजे समितीत बसलेली आई नुसती सहीपुरती नसते. वाचनालय कसं चालेल, हे त्या आराखड्यात लिहून घेण्याचा तिला अधिकार आहे. पण ‘आम्हाला काय कळतंय त्यातलं’ म्हणत आपण अंगठा किंवा सही करून, चहा घेऊन घरी येतो. मग किल्ली जिथे होती तिथेच राहते.

गुरुजींचीही एक बाजू आहे

कपाट बंद का राहतं, याचा राग फक्त शिक्षकांवर काढून चालणार नाही. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत ग्रंथपालाचं पद नसतं. वर्ग सांभाळणाऱ्या बाईंकडे किंवा सरांकडेच कपाटाचा ‘चार्ज’ असतो. पुस्तकं साठा नोंदवहीत चढलेली असतात. बदली झाली की मोजून दुसऱ्याच्या ताब्यात द्यावी लागतात. दहा पुस्तकं कमी भरली तर कुणाला जाब विचारणार? म्हणून ‘नकोच ती कटकट’ असं वाटतं. पुस्तक फाटेल, भिजेल, हरवेल या धास्तीपोटी ते अगदी कोरं करकरीत राहतं आणि कपाटातल्या कपाटात वाळवी त्याचा फडशा पाडते.

या धास्तीवर इलाज आहे. समितीनं पहिल्याच बैठकीत सरळ ठराव करावा, की पुस्तकं मुलांना घरी द्यायची आहेत, वापरात काही फाटतील, काही हरवतील, ते आम्हाला मान्य आहे, त्याचा भार चार्ज असलेल्या शिक्षकावर टाकला जाणार नाही. वर्षाअखेर फाटलेल्या-हरवलेल्या पुस्तकांची यादी समितीपुढे येईल आणि नियमाप्रमाणे नोंद होईल. शंभर पुस्तकं फिरवली तर पाच-सात जाणार, हे आधीच धरून चाला. चहाचे कप फुटतात म्हणून कुणी पाहुण्यांना चहा द्यायचं थांबवतं का?

पुस्तकं वापरासाठीच असतात, हे भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ सालच्या आपल्या पुस्तकात पहिल्याच सूत्रात मांडून ठेवलंय. मूळचे गणिताचे शिक्षक असलेले हे गृहस्थ १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हा त्यांचा पुढचा आग्रह. त्यांचा १२ ऑगस्ट हा जन्मदिवस आपल्याकडे ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो.

त्याच्याही आधी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी हा प्रश्न ओळखला होता. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा हा मुलगा बडोद्याच्या गादीवर गेला आणि १९०६ मध्ये त्यानं आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पण शाळा सोडल्यावर वाचायला काही मिळालं नाही, तर शिकलेली अक्षरं विसरली जाणार, हे त्यांच्या ध्यानात आलं. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं आणि गावोगाव वाचनालयांचं जाळं उभं केलं. जिथे वाचनालय नाही तिथे लाकडी पेट्यांतून पुस्तकं जायची, वाचून झाली की पेटी परत यायची आणि दुसरी जायची. म्हणजे पुस्तकांनीच माणसांकडे जायचं. ही गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे!

येरमाळ्याचं वर्ष, वाचनाचं वर्ष

आता नियोजन म्हणजे काय, ते एका खऱ्याखुऱ्या गावाच्या हिशेबानं बघू. धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यातलं येरमाळा घ्या. बालाघाटच्या डोंगररांगेतलं, सोलापूर-बीड महामार्गावरचं, आई येडेश्वरीचं गाव. अशा गावाचं वर्ष पुण्या-मुंबईच्या वर्षासारखं नसतं. इथे खरीप असतं, ऊसतोडीचा हंगाम असतो, चैत्री पौर्णिमेची मोठी यात्रा असते. शहरात बसून केलेलं वेळापत्रक इथे चालत नाही. गावाच्या वर्षाप्रमाणेच वाचनाचं वर्ष आखावं लागतं.

जूनमध्ये शाळा उघडली की पहिलं काम म्हणजे कपाट उघडून पुस्तकं उन्हात ठेवणं. वाळवणं घालायची आपल्याला सवय आहेच. समितीतल्या चार बायांनी एक दुपार काढली, तर पुस्तकांचे तीन ढीग सहज होतात. चित्रं जास्त आणि अक्षरं मोठी, अशी पहिली-दुसरीची. छोट्या गोष्टींची, तिसरी-चौथीची. मोठ्या मुलांची. चौथा एक ढीग निघतोच, तो म्हणजे मुलांच्या काहीच कामाची नसलेली जाडजूड पुस्तकं. ती कपाटाच्या वरच्या कप्प्यात जाऊ द्या. खालचे कप्पे, जिथे पहिलीतल्या पोराचा हात पोचतो, ते मुलांसाठी.

जुलैपासून आठवड्यातला एक वार ठरवायचा. समजा शाळेत १२० मुलं आहेत आणि कामाची पुस्तकं ३००. प्रत्येक मुलानं आठवड्याला एक पुस्तक नेलं आणि शाळेचे तीस आठवडे धरले, तर वर्षाला ३६०० वेळा पुस्तक घरी जाईल. म्हणजे एकेक पुस्तक सरासरी बारा घरी फिरून येईल. सुरुवातीला याच्या निम्मं जमलं तरी पुष्कळ झालं. पण आकडा आधी ठरवला, तरच शेवटी मोजता येतं. नाही तर ‘यंदा वाचनाचं वातावरण चांगलं होतं’ असं गोड गोड वाक्य अहवालात जातं आणि हाती काही लागत नाही.

पुस्तकं वाटण्याचं काम शिक्षकांवर न टाकता सातवी-आठवीच्या मुला-मुलींवर सोपवावं. साधी वही, चार रकाने. मुलाचं नाव, पुस्तकाचं नाव, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. एवढं पुरे.

१५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलामांचा जन्मदिवस. २०१५ पासून महाराष्ट्रात तो वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी रांगोळी, फोटो, भाषणं सगळं होतं. ते व्हावंच. पण त्याच दिवशी समितीनं जुलैपासूनची वही उघडून बघितली, तर तो दिवस खरा साजरा होईल.

दिवाळी झाली की या भागातली किती तरी घरं कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात. काही मुलं मागे आजीकडे राहतात, हंगामी वसतिगृहात जेवतात, शाळेत येतात. काही आई-बापांबरोबर पालावर जातात. जाणाऱ्या मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड दिलं जातं. त्या कार्डाबरोबर पिशवीत तीन-चार गोष्टींची पुस्तकं दिली तर? पाच महिने ज्या लेकराच्या हाताला अक्षर लागणार नाही, त्याची वाचता येण्याची सवय तरी टिकेल. पुस्तकं परत येतील की नाही, ही भीती आहेच. पण एक पुस्तक हरवणं परवडतं. वाचायला शिकलेलं लेकरू चैत्रात परत आल्यावर अक्षर ओळखेनासं होणं परवडत नाही.

जानेवारीत संक्रांत. हळदी-कुंकवाला आपण प्लास्टिकच्या डब्या, चाळण्या, आरसे लुटतो. त्या घरात साठत जातात. एक वर्ष पुस्तकाचं वाण लुटून बघा. मुलांची रंगीत चित्रांची छोटी पुस्तकं साधारण एखाद्या डबीच्याच किमतीला मिळतात. घरच्या मुलांनी वाचून झालं की तेच वाण शाळेच्या कपाटात. गल्लीतल्या पंचवीस जणींनी ठरवलं, तर सरकारकडे न बघता एका दिवसात पंचवीस नवी पुस्तकं आली ना!

मार्चमध्ये हिशेब. आणि मग यात्रा. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत येडाईचे भक्त चुनखडी वेचतात. एकेक माणूस मूठभर खडे वेचतो आणि बघता बघता रास उभी राहते. वाचनालयाची रास अशीच होते. मे महिन्यात सुट्टी लागताना मात्र कपाटाला कुलूप घालू नका. मुलांना खरा मोकळा वेळ मिळतो तो उन्हाळ्यातच. प्रत्येक आळीत एका विश्वासू घरी वीस-पंचवीस पुस्तकांची पेटी ठेवावी. बडोद्याची पेटी आपल्या गल्लीत आली म्हणा.

मोजायचं काय?

सरकारी कागदावर पहिला प्रश्न असतो, ‘पुस्तकं किती?’ आपण तो शेवटी विचारू. आपले प्रश्न वेगळे आहेत.

पहिला, वर्षभरात कपाट किती दिवस उघडलं? दुसरा, अशी कोणती मुलं आहेत, ज्यांच्या नावापुढे एकही पुस्तक नाही? ही यादी सगळ्यात मोलाची. बचत गटात थकबाकीदारांची यादी करतात ना, तशीच ही. फरक एवढाच की इथे थकबाकी आपल्याकडे आहे, मुलांकडे नाही. या यादीत नक्की कोण सापडतं? पालावर गेलेली लेकरं. वस्तीवरून चालत येणारी मुलं. आणि धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणारी, शाळा सुटली की पाण्याला पळणारी मुलगी. या मुलीच पुढे आठवी-नववीत शाळेतून गळतात. २०१९ ते २१ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांनी सांगितलं, की त्यांचं लग्न अठराच्या आत झालं. शाळा सुटलेल्या मुलीलाही गावातल्या शाळेचं पुस्तक घरी नेता आलं पाहिजे, हा एक ठराव समितीनं जरूर करावा. तिची शाळा सुटली असेल, वाचन का सुटावं?

तिसरा प्रश्न, कोणती पुस्तकं वर्षभर जागची हललीच नाहीत? त्यावरून पुढच्या वर्षी काय घ्यायचं नाही, ते कळतं. चिंध्या झालेल्या पुस्तकावरून काय घ्यायचं, ते कळतं. फाटकं पुस्तक बघून रागावू नका. मुलांनी दिलेली ती पसंतीची पावती आहे.

चौथा प्रश्न सगळ्यात अवघड, पण तोच खरा. मुलाला वाचता येतं का? ‘प्रथम’ संस्थेची ‘असर’ ही पाहणी २००५ पासून गावोगाव होते. त्यात एकाच कागदावर अक्षरं, सोपे शब्द, चार ओळींचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट असते. मूल कुठपर्यंत वाचतं, ते पाच मिनिटांत कळतं. देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या मुलांपैकी अशी गोष्ट वाचू शकणारी मुलं २०१८ मध्ये जेमतेम निम्मी होती. कोरोनात शाळा बंद पडल्यानंतर २०२२ मध्ये ती ४३ टक्क्यांच्या आसपास आली आणि २०२४ मध्ये पुन्हा निम्म्याच्या जवळ गेली. म्हणजे दोन मुलांतलं एक मूल पाचवीत बसूनही दुसरीचं वाचू शकत नाही! अशा मुलाच्या हातात जाड पुस्तक दिलं तर ते वाचनाला आणखी भिणार. त्याला चित्रांचं, एका पानावर एक ओळ असलेलं पुस्तक हवं. जूनमध्ये, दिवाळीनंतर आणि मार्चमध्ये, असं तीनदा हे वाचन घेतलं, की कोणतं मूल पुढे सरकलं आणि कोणतं तिथेच अडलं, ते दिसतं.

एक सावधानता मात्र बाळगायला हवी. मोजायचं म्हणून वाचनाची परीक्षा करू नका. ‘पुस्तक वाचलंस? आता पानभर सारांश लिहून आण’ असं म्हटलं, की पोरगं पुढच्या वेळी सगळ्यात पातळ पुस्तक उचलणार. पाठांतर नको, मार्क नकोत, पहिला-दुसरा नंबरही नको. आकडे फुगवण्याचा मोह होतो, तेव्हा वहीतली पाच नावं कोणतीही निवडावीत आणि त्या मुलांशी नुसत्या गप्पा माराव्यात. ‘त्या पुस्तकातलं तुला कोण आवडलं?’ डोळे चमकले, तर वही खरी.

वाचता न येणारी आईसुद्धा

‘मला स्वतःलाच वाचता येत नाही, मी काय करणार?’ असं म्हणणाऱ्या आया-आज्या अजून आहेत. त्यांना सांगावंसं वाटतं, की तुमच्याइतका चांगला श्रोता लेकराला दुसरा मिळणार नाही. भाकरी थापताना म्हणायचं, ‘वाच बरं, मी ऐकते.’ अडखळत वाचत असेल तर अडखळू द्या. गोष्ट कळली नाही तर ‘पुन्हा वाच, मला समजलं नाही’ म्हणा. त्याला वाटेल आईला समजावून सांगतोय, आणि तेवढ्यात त्याचं दोनदा वाचून होईल. २०२२ मध्ये राज्यात ‘पहिले पाऊल’ उपक्रमातून शाळेत दाखल होणाऱ्या मुलांच्या आयांचे माता-गट करण्यात आले होते. अशा गटातल्या पाच-सहा जणी आठवड्यातून एकदा ओट्यावर बसल्या आणि मुलांनी त्यांना गोष्ट वाचून दाखवली, तर यासारखं दुसरं मूल्यमापन नाही.

घरात मोबाइल आहे, मग पुस्तकं कशाला, असंही विचारलं जातं. मोबाइलचाही उपयोग आहे. ‘प्रथम बुक्स’चं ‘स्टोरीवीव्हर’ २०१५ पासून सुरू आहे, तिथे मराठी गोष्टी चार पायऱ्यांत लावलेल्या आणि फुकट वाचायला मिळतात. पण मोबाइल बहुधा बाबांच्या खिशात असतो. पुस्तक लेकराच्या उशाशी असतं.

जानेवारी २०२० मध्ये तेव्हाच्या उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवला, ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. त्या तीन दिवसांचं कौतुक आपल्याला आहेच. पण वस्तीवरच्या तिसरीतल्या मुलीला दर आठवड्याला एक पुस्तक मिळणं, हे तिच्यासाठी संमेलनापेक्षा कमी नाही. त्याला मांडव लागत नाही, पाहुणे लागत नाहीत. लागते ती एक वही, एक ठरलेला वार आणि ‘किल्ली कुठाय?’ असं विचारणारी एक आई.

समितीच्या पुढच्या बैठकीत हे विचारा

• शाळेत मुलांच्या कामाची पुस्तकं किती आहेत, त्यांची वेगळी मोजणी झाली आहे का?
• ग्रंथालय अनुदान कोणत्या वर्षी किती आलं? पुस्तकं कुणी निवडली?
• पुस्तकं घरी देण्याचा वार कोणता? किल्ली कुणाकडे असते, आणि ते रजेवर असतील तेव्हा कुणाकडे?
• फाटलेल्या-हरवलेल्या पुस्तकांचा भार शिक्षकांवर पडणार नाही, असा ठराव झाला आहे का?
• गेल्या तीन महिन्यांत एकही पुस्तक न नेलेली मुलं कोणती?
• ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांबरोबर पुस्तकं कधी आणि कशी द्यायची?
• मुलांचं वाचन वर्षात कितीदा पाहिलं जातं, आणि ते आम्हाला सांगितलं जातं का?
• हे सगळं शाळेच्या विकास आराखड्यात लिहिलं आहे का? नसेल, तर आजच लिहू या.